बेलीफ दारात उभे राहिले की

त्यांना लांबून येताना पाहिलं की ठाण्यातल्या आमच्या चरई आळीतल्या बायका भांडी आत घेत. अंगणात घासायला टाकलेली परात असो, विहिरीच्या काठावरची कळशी असो, आधी ती उचलायची आणि मग डोक्यावरचा पदर सारखा करायचा. ते बिचारे भाजी घ्यायला निघालेले असत. पेन्शनीत निघून त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण उभा जन्म ठाण्याच्या कोर्टात बेलीफ म्हणून काढलेला, आणि ज्याच्यावर नाही तर निदान ज्याच्या चुलत्यावर कधी हुकूमनामा झाला नाही असं घर आमच्या गावात सापडणं कठीण. जप्ती म्हटली की हेच डोळ्यांपुढे यायचे. उंच, ताठ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काखेत छत्री, हातात काशाची थाळी आणि लाकडी टिपरी.

थाळी त्यांची स्वतःची. बाकीचे बेलीफ दवंडी पिटायला गावातला डफवाला बरोबर घेत. यांचं म्हणणं असं, की डफवाला हुकूम अर्धाच ऐकतो आणि उरलेला मनचा घालून ओरडतो. म्हणून थाळी स्वतः वाजवायची, ओरडायचंही स्वतः. पांढरपेशा माणसानं भर रस्त्यात थाळी बडवावी याची त्यांच्या भाऊबंदांना इतकी लाज वाटली की त्यांनी जाणं-येणंच तोडलं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत पटकीनं गेली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न का केलं नाही, असं माझ्या वडिलांनी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, मुलगी पाहायला ज्या ज्या घरी जावं ते घर माझ्या दप्तरी निघतं. यावर हसावं की काय करावं हे वडिलांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून कळलेलं नाही.

कोर्ट सुटलं तरी कोर्टाची बोली सुटली नव्हती. शेंबड्या पोरालासुद्धा ते ‘आपण’ म्हणत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘कोणाची हरकत?’ असं विचारायचं, उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, जरा थांबायचं आणि मग पुढं जायचं. भाजीवालीनं तीन वांगी पदरात टाकली तरी हेच. ती वैतागून म्हणायची, बाबा, हितं मी एकलीच बसलेय, हरकत कोण घेणार? तरीही डावीउजवीकडे बघून झाल्याशिवाय वांगी पिशवीत जात नसत. आम्हा पोरांना ही नक्कल फार उत्तम यायची. आळीत क्रिकेट खेळताना आम्ही आउट देताना ‘कोणाची हरकत?’ म्हणायचो, आणि ते जात असले की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो.

कोणाच्या घरात म्हणून ते पाऊल टाकत नसत. पायरीच्या खाली उभे राहून बोलायचे. ‘या, बसा’ म्हटलं तर मागं वळून बघत, आपल्या पाठीमागं कोणी आलंय की काय. लग्नाचं आमंत्रण त्यांना कोण देणार? मांडवाच्या दारात बेलीफ उभा म्हणजे पुढच्या सात पिढ्यांचा अपशकुन. पण गावातलं एक लग्न त्यांनी चुकवलं नाही. मांडवासमोरच्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहायचे, खिशातून घरच्या घरी कुंकू लावून आणलेल्या अक्षता काढायचे आणि मंगलाष्टकं चालू झाली की बरोबर ठेक्यावर त्या मांडवाच्या दिशेनं टाकायचे. अक्षता पडायच्या रस्त्यावर. चिमण्या टिपायच्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि आईला जाऊन विचारलं, की त्यांना आत बोलावू का. आई म्हणाली, गप्प बस, तुझ्या आत्यानं ऐकलं तर माझी धडगत नाही.

आणि भांडी! गावातली भांडी त्यांना माणसांपेक्षा जास्त ओळखीची. एकदा रस्त्यात मला थांबवून म्हणाले, आपल्या आजोबांचं घंगाळ फार देखणं होतं, कडीला हंसाची मान होती. आजोबांचं घंगाळ यांनीच नेलं होतं, हे घरी कोणी मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात मात्र काही टोचण नव्हती. गेलेल्या सोयऱ्याची आठवण काढावी तसं ते घंगाळाबद्दल बोलत होते.

आता दुष्काळाचं सांगतो. देशावर पाऊस पडलाच नाही त्या साली आम्ही मुंबईला कॉलेजात होतो. दर शनिवारी गाडीनं ठाण्याला घरी यायचं आणि सोमवारी परत, असा क्रम. घाटावरची माणसं माळशेज उतरून खाली येऊ लागली होती. मोठी माणसं मिळेल त्या कामाला लागत, काही वाटेतच बसत ती उठत नसत. मागं राहिलेली मुलं कल्याणच्या एका धर्मशाळेत आणून ठेवली होती आणि गावातली चार प्रतिष्ठित मंडळी त्यांची व्यवस्था बघत होती. आमच्या कॉलेजात सभा झाली. इंग्रजीत भाषणं झाली, अंतःकरण द्रवल्याचा ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि मंडळी चहाला गेली. आम्ही ठाण्याचे चौघे होतो. त्यात बापू म्हणून एक होता, अंगानं आडवा, आवाजानं नाटकवाला. तो म्हणाला, ठरावानं पोरांची पोटं भरणार आहेत का? आपण आपल्या गावात दारोदार जाऊ आणि धान्य गोळा करू. तेवढं एकच वाक्य त्या सभेच्या दिवशी कामाचं बोललं गेलं.

पण दारोदार जाणं भाषणाइतकं सोपं नव्हे. पुरुष कचेरीत, आणि बायका परक्या पोरांसमोर येणार नाहीत. दार वाजवलं की आतून बाईच सांगायची, घरात कोणी नाही. पेन्शनर भेटले तर ते सोडायचे नाहीत. कोणाचा तू, कोणत्या वर्गात, शेक्सपियर म्हणून दाखव, लग्नाचं काय. तासभर परीक्षा द्यायची आणि शेवटी हातावर काय, तर एक फाटकी बंडी. एका गृहस्थांनी मोडकी छत्री दिली. दुष्काळाला छत्री! बापू ती छत्री घेऊन मासुंदा तळ्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, आपण बी. ए. होऊ, पण आपल्याला मूठभर तांदूळ काही मागता येणार नाही.

तिथंच बेलीफ आले. पायरीखाली उभं राहायची सवय, म्हणून तळ्याच्या कठड्यापासूनही दोन हात लांबच उभे राहिले. आमचं ऐकलं असावं. म्हणाले, मला आपल्यात घ्याल का? आणि पुढं नेहमीचं ‘कोणाची हरकत?’ आमच्यातल्या दोघांना हसू आवरेना. बापू मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात हिशेब असा, की यांना ‘घरात कोणी नाही’ असं सांगायची ठाण्यात कोणाची छाती नाही.

झालंही तसंच, फार तसंच. दुसऱ्या रविवारी सकाळी पहिल्याच घरी आम्ही चौघे पोती घेऊन मागं आणि हे थाळी घेऊन पुढं. त्यांनी थाळीवर टिपरी मारली मात्र, आत भांड्यांची अशी आदळआपट सुरू झाली की विचारू नका. मग एक म्हातारी बाहेर आली. हातात पितळेची हंडी. म्हणाली, ही न्या, पण सून बाळंतीण आहे हो, तिचं पाणी तापवायचं भांडं ठेवा. बेलिफांनी तोंड उघडलं खरं. जन्मात त्यांनी कोणाच्या दारात उभं राहून काही मागितलंच नव्हतं. हुकूम वाचायचा आणि उचलायचं एवढंच ठाऊक. ‘आम्ही आज’ एवढं म्हणून ते अडले, माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, आपण सांगा यांना. मी सांगितलं. म्हातारीच्या जिवात असा जीव आला की तिनं हंडीभर तांदूळ आणून पोत्यात ओतले आणि हंडी घट्ट उराशी धरून आत पळाली.

त्या दिवशी आमची पोती भरली. लोक दार वाजवायच्या आत देत होते. बापू खुशीत होता, गाणं म्हणत होता. बेलीफ सगळ्यांच्या मागून चालत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, हे मुलांसाठी देत नाहीत, मी दारातून जावं म्हणून देतात. बापूनं ते ऐकलं आणि म्हणाला, देतात ना? भात तर शिजेल. त्यांनी यावर विचार केला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि एक पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. पुढच्या रविवारपासून ते दारात थाळी वाजवून लगेच बाजूला होत आणि आम्हाला पुढं करत. तरी घराघरांतून पितळेचा आवाज यायचाच.

कल्याणच्या धर्मशाळेत मात्र हे आले म्हणून कोणी पळालं नाही. तिथल्या मुलांच्या घरून न्यायला काही उरलं नव्हतं, आणि बेलीफ म्हणजे काय हे त्यांना माहीतही नव्हतं. हा उंच माणूस तांदूळ घेऊन येतो एवढंच त्यांना माहीत. पहिल्याच दिवशी दहाबारा पोरं येऊन त्यांच्या कोटाला, छत्रीला लोंबकळली. त्यांनी हात वर धरले, जसे काही पाण्यात उतरलेत. कोणी आपल्याला हात लावला तर आपले हात कुठं ठेवायचे, हे त्या वयाच्या माणसाला ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

साळू त्या पोरांतली. चारपाच वर्षांची असेल. डाव्या भुवईवर व्रण, डोकं उवांमुळे भादरलेलं, बोलायची नाही. आपलं नाव तेवढं सांगायची. तिनं कोटबिट धरला नाही. ती थाळीकडे बघत बसली. बेलिफांनी तिच्यासमोर थाळी धरली आणि टिपरी दिली. या ऐवजाला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. साळूनं एक टोला हाणला, आवाजानं स्वतःच दचकली आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. आचाऱ्याला वाटलं जेवणाची वेळ झाली, पोरांना वाटलं जेवण आलं, आणि सगळी पटापट ओळीनं बसली. तेव्हापासून रविवारची पंगत साळूच्या थाळीवर बसायची. आम्ही पोती रिकामी करीपर्यंत ती दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसलेली असत. एकदा मी जवळून गेलो तेव्हा ते तिला हळू आवाजात गावातल्या भांड्यांची वर्णनं सांगत होते. चिंबोरीच्या नांग्यांसारख्या कड्या असलेली समई कोणाकडे होती, वगैरे. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती.

पाऊस पडला. पुढल्या साली जून उजाडला, तसे घाटावरचे लोक पेरणीला परत चालले आणि धर्मशाळेतून मुलं कमी होऊ लागली. कोणाचा चुलता येई, कोणाची मावशी. ज्यांचं कोणी आलं नाही ती मुलं चांगली घरं बघून द्यायची असं मंडळींनी ठरवलं. व्यवस्था बघणाऱ्यांत एक वकील होते, मोठे मायाळू. ते आपणहून बेलिफांना म्हणाले, साळूला तुम्ही न्या. तिला तुमची सवय झाली आहे.

ठाण्यालाच कोपरीत बेलिफांच्या शेजारी मिठागरावर जाणारी एक आगरीण राहायची. तिला त्यांनी विचारून ठेवलं होतं, की पोरीची वेणीफणी करशील का. हे मला त्या बाईनंच सांगितलं. म्हणजे वकिलांनी विचारायच्याही आधी त्यांच्या मनात होतं. त्यांनी चुनाही लावून घेतला घराला. कल्याणच्या बाजारातून लहान मुलीच्या हातात मावेल एवढा तांब्या घेतला. भांड्याच्या दुकानात हा माणूस गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच गेला असेल. एक हिरवं परकर-पोलकंही घेतलं. बापूनं चिडवलं, बेलीफसाहेब, आता आंतरपाट कधी धरायचा? तर ते चक्क लाजले.

पण नेणार म्हणून जो दिवस ठरला त्याच्या आधी यांनी काढलं, दवंडी झाली पाहिजे.

आम्हाला आधी कळेचना. ते शांतपणे सांगू लागले. बेवारशी वस्तू कोणाच्या हवाली करायची तर आधी हक्कदाराला पुकारा करावा लागतो. नाही केला तर ती चोरी होते. वकील म्हणाले, अहो, पोरगी म्हणजे काय बैल आहे का, आणि असा कोणताही कायदा नाही. बापू तर तावातावानं भांडला. इतके महिने कोणी आलं नाही, आता मेलेल्यांना हाका मारणार का तुम्ही? मीही बोललो. देव देतोय तर गपचूप घ्या की, असं म्हणालो. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणाले, “आजवर मी लोकांच्या घरातून पुष्कळ नेलं. पण न पुकारता काही नेलं नाही.”

मग काय, मी त्यांच्याबरोबर गेलो. सुट्टी चालू होती, आणि एवढ्या वयाच्या माणसाला एकट्याला जाऊ देणं बरं दिसेना. कल्याणचा बाजार झाला, मग मुरबाडचा, मग घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची खेडी. चिखल मी म्हणत होता. प्रत्येक ठिकाणी थाळी, आणि मग खणखणीत आवाज. साळू नावाची मुलगी, वय अंदाजे पाच, रंग सावळा, डाव्या भुवईवर व्रण, कोणी हक्कदार असेल त्यानं अमुक दिवसाच्या आत कल्याणच्या धर्मशाळेत हजर व्हावं. एक खूण त्यांनी मुद्दाम सांगितली नाही. साळूच्या उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग होता. एखादी खूण हातची राखायची, म्हणजे खोटा दावेदार तिथं अडकतो, असं म्हणाले. लोक हसायचे. गाडीवान बैल थांबवून ऐकायचे. मला वाटलं होतं, दोन ठिकाणी कर्तव्य म्हणून पुटपुटतील आणि परत फिरतील. पण घसा बसला तरी त्यांनी आवाज उतरू दिला नाही. शेवटच्या गावात तर असे ओरडले की पाणवठ्यावरच्या बायका कळशा सोडून बघायला आल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीनं कल्याणला गेलो. बेलिफांनी कोट धुऊन घेतला होता. साळूला परकर-पोलकं घातलं, तांब्या हातात दिला. ती ओट्यावर बसून तांब्यातलं पाणी एका हातातून दुसऱ्या हातात ओतत होती. वकिलांनी पेढे आणले होते. संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता. मी म्हणालो, निघू या का स्टेशनवर? ते म्हणाले, दिवस मावळेपर्यंत मुदत आहे.

आणि ती बाई आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, हातांना खडी फोडून घट्टे पडलेले. दारातूनच तिनं विचारलं, “थाळीवालं बाबा कुठं हायती?”

बेलीफ उभे राहिले. बाईनं साळूकडे पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. रडत रडत जे सांगितलं ते असं. नवरा घाट उतरतानाच गेला. पोरीला पोटाला मिळेल म्हणून तिनंच तिला पहाटे धर्मशाळेच्या दारात ठेवलं आणि सरकारी कामावर खडी फोडायला गेली. परत न्यायला तोंड नव्हतं. पोरीला इथं भात मिळतोय, आपण नेऊन काय घालणार? पण मुरबाडच्या बाजारातून आलेल्या गाडीवानानं सांगितलं, की पोरीचं नाव घेऊन कोणी रस्त्यानं हाका मारतंय. “त्ये ऐकलं आन् मग ऱ्हावलंच नाय,” ती म्हणाली.

साळू एव्हाना ओट्यावरून उतरली होती. इतके दिवस न बोललेली ती पोर आईच्या मांडीत जाऊन तोंड खुपसून बसली होती आणि आयं, आयं, असं काहीतरी करत होती. याउपर काय पुरावा पाहिजे? पण बेलीफ ताठ उभे होते. त्यांनी विचारलं, “खूण सांगा.”

बाईनं भुवई दाखवली.

“ती दवंडीत होती. दुसरी?”

बाईला प्रश्नच कळला नसावा. तिनं साळूचा नवा परकर वर सारला, उजव्या पोटरीवरून हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, चुलीतलं लाकूड लागलं व्हतं हिला, माज्याच हातनं.

बेलीफ वळले. मग धर्मशाळेच्या मोकळ्या अंगणाकडे तोंड करून, बाजारात ओरडत तसेच खणखणीत ओरडले, “हक्कदार हजर आहे. कोणाची हरकत?”

उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. वकील पेढ्यांचा पुडा हातात धरून उभे होते. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण तो काय म्हणून उच्चारायचा? आईसमोर हरकत कोण घेणार?

त्यांनी बाईला राहिलेले तांदूळ बांधून दिले. परकर-पोलकं अंगावरच होतं, तांब्याही राहू दे म्हणाले. माय-लेकी मुरबाडच्या रस्त्याला लागल्या. साळू आईच्या कडेवर होती आणि तिनं मागं वळून बघितलं नाही. त्या वयाची पोरं कशाला वळून बघतील? आईच्या खांद्यावर मान टाकून ती झोपूनही गेली असेल. त्या दिसेनाशा झाल्या तरी आम्ही नाक्यावर तसेच उभे राहिलो. आमची गाडी निघून गेली.

माझा संताप संताप झाला होता. कोणावर ते मला सांगता येणार नाही. त्या बाईवर तर नव्हेच. मी त्यांच्यावरच उखडलो. म्हणालो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं गावोगाव ओरडत फिरायला? कोणता कायदा होता? आज ती पोर तुमच्या घरी असती.

ते रस्त्याकडेच बघत होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले,

“मला वाटलं होतं रे, कोणी येणार नाही.”